रिकामे चिन्ह, भरलेले चिन्ह : विसाव्या शतकातील जपानी ग्राफिक डिझाइनचा एक विचार

१

रोलाँ बार्थ यांचे जपानविषयीचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. १९६६ ते १९६८ या काळात केलेल्या जपानच्या प्रवासांतून ते सिद्ध झाले होते. जेवणाचा थाळा, बुनराकु बाहुलीनाट्य, पाचिन्को, हायकू, कागदात आणि कापडात पुनःपुन्हा गुंडाळलेली भेटवस्तू, मध्यभागी सम्राटाचा अदृश्य निवास असलेले टोकिओ शहर, अशा अनेक गोष्टींमध्ये बार्थ यांना एकच तत्त्व आढळले. पाश्चात्त्य संस्कृतीत चिन्ह नेहमी कोणत्या तरी अर्थाने, अंतिमतः ईश्वराने किंवा आत्म्याने, भरलेले असते. जपानमध्ये ते रिकामे असते, आणि या रिकामेपणातच त्याचे सौंदर्य असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण प्रत्यक्ष जपानचे वर्णन करीत नसून काही वैशिष्ट्ये वेचून एक व्यवस्था रचीत आहोत आणि तिला ‘जपान’ हे नाव देत आहोत, असा खुलासा त्यांनी आरंभीच केलेला आहे. पुढील काळातील वाचकांनी मात्र हा खुलासा विसरून ‘रिकामे चिन्ह’ हे जपानी संस्कृतीचे कालातीत लक्षण मानले. जपानी भित्तिपत्रके, बोधचिन्हे, ग्रंथांची मुखपृष्ठे यांविषयी लिहिताना ‘झेन’, ‘अवकाश’, ‘साधेपणा’ हे शब्द जे वारंवार येतात, त्यांच्यामागे हीच समजूत आहे.

बार्थ ज्या टोकिओत हिंडले त्या टोकिओच्या भिंतींवर चिन्हे रिकामी करण्याचे आणि भरण्याचे काम काही व्यक्ती व्यवसाय म्हणून करीत होत्या. त्यांना मालक होते, ग्राहक होते, संघटना होत्या आणि एक न बोललेला भूतकाळ होता. जपानी ग्राफिक डिझाइनच्या विसाव्या शतकातील इतिहासाकडे पाहिले, तर चिन्हाचे रिकामेपण हा संस्कृतीचा स्वभाव नसून विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीत घडवलेली वस्तू आहे असे दिसू लागते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या प्रश्नावर आहे. त्यासाठी एकाच चिन्हाचा, म्हणजे लाल वर्तुळाचा, माग काढणे सोयीचे ठरेल. (जपानी प्रथेप्रमाणे येथे व्यक्तींची आडनावे आधी दिली आहेत.)

२

‘ग्राफिक डिझाइन’ हा शब्द जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. त्यापूर्वी दोन शब्द प्रचारात होते. पहिला ‘झुआन’, म्हणजे आराखडा किंवा नक्षीची योजना. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास, निर्यातीच्या कलावस्तूंचे नमुने तयार करण्याच्या गरजेतून, तो पुढे आला. दुसरा ‘शोग्यो बिजुत्सु’, म्हणजे व्यापारी कला. हा शब्द १९२० च्या दशकात रूढ झाला. हामादा मासुजी यांच्या पुढाकाराने १९२८ ते १९३० या काळात निघालेल्या चोवीस खंडांच्या संग्रहाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. दुकानाच्या काचेमागील मांडणीपासून अक्षरांच्या वळणापर्यंत सर्व बाबी त्यात आल्या होत्या. हामादा यांचा आग्रह असा की, उपयोगासाठी असलेली कला ही शुद्ध कलेची खालची पायरी नव्हे. उद्देश असणे हेच तिचे सामर्थ्य आहे. साहित्यविचारातील स्वायत्ततावाद आणि जीवनवाद यांच्या संघर्षाशी परिचित असलेल्या वाचकाला या भूमिकेचे महत्त्व सहज उमगेल.

या कालखंडातील प्रमुख नाव सुगिउरा हिसुई (१८७६-१९६५) यांचे होय. त्यांचे शिक्षण पारंपरिक जपानी शैलीच्या चित्रकलेत झाले. कुरोदा सेइकी यांनी पॅरिसहून आणलेल्या साहित्यातून त्यांना ‘आर नूव्हो’ शैलीचा परिचय झाला. त्यांची कारकीर्द घडली ती मित्सुकोशी या भव्य वस्तुभांडारात. त्याची मासिके, जाहिराती आणि भित्तिपत्रके यांतून त्यांनी नव्या शहरी मध्यमवर्गाला त्याचे स्वतःचे रूप दाखवले. १९२७ साली आसाकुसा आणि उएनो यांच्या दरम्यान टोकिओची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठी त्यांनी केलेल्या भित्तिपत्रकात फलाटावर दाटीने उभे असलेले प्रवासी आहेत आणि दूरवरून गाडी येत आहे. गर्दीत किमोनो आहेत तसेच पाश्चात्त्य पोशाखही आहेत. यथार्थदर्शनाच्या रेषा ही सारी गर्दी गाडीच्या दिशेने खेचून नेतात. गाडी ही येथे केवळ वाहन नसून भविष्यकाळ आहे, आणि फलाटावर उभे राहणे म्हणजे आधुनिक होणे आहे.

हे चिन्ह रिकामे नाही. ते आश्वासनाने काठोकाठ भरलेले आहे. जपानी व्यापारी कलेच्या पहिल्या पिढीला अवकाशाचे, मौनाचे किंवा अर्थशून्यतेचे आकर्षण नव्हते. तिला वस्तू, वेग आणि गर्दी यांचे आकर्षण होते. ‘जपानी साधेपणा’ हा अखंड परंपरेचा वारसा असता, तर तो या पिढीतही दिसायला हवा होता.

३

१९३० च्या दशकात या क्षेत्राची भाषा झपाट्याने पालटली. कावाकिता रेनशिचिरो यांनी टोकिओत चालवलेल्या वास्तुकला आणि हस्तोद्योगाच्या विद्यालयात जर्मनीतील बाउहाउसच्या धर्तीवर शिक्षण दिले जात असे. कामेकुरा युसाकु (१९१५-१९९७) तेथेच शिकले. मुद्रणकलेचे अध्यापन करणाऱ्या हारा हिरोमु (१९०३-१९८६) यांनी यान चिकोल्ड यांची नव्या अक्षररचनेची तत्त्वे जपानी वाचकांपर्यंत पोचवली. हारा यांच्यापुढील प्रश्न युरोपीय मुद्रकाला कधी पडलेला नव्हता. चिनी चित्राक्षरे आणि दोन काना वर्णमाला एकाच ओळीत वापरणारी, वरून खाली तसेच डावीकडून उजवीकडेही लिहिता येणारी लिपी असममित रचनेच्या नव्या तत्त्वांत कशी बसवायची? एका लिपीच्या आधारे सिद्ध झालेले ‘वैश्विक’ तत्त्व दुसऱ्या लिपीत येताना बदलते, हे त्यांना प्रत्यक्ष कामातून जाणवले.

या आधुनिकतेला सर्वात मोठा आश्रयदाता लाभला तो मात्र राज्यसंस्थेच्या रूपाने. जर्मनीतून छायापत्रकारिता शिकून आलेल्या नातोरी योनोसुके यांनी १९३३ साली ‘निप्पोन कोबो’ ही संस्था स्थापन केली. तिचे ‘निप्पोन’ हे त्रैमासिक १९३४ पासून १९४४ पर्यंत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश भाषांत निघत होते. यामाना आयाओ, कोनो ताकाशी आणि कामेकुरा यांनी त्यासाठी काम केले. छायाचित्रकार, संपादक आणि डिझायनर यांनी एका मेजाभोवती बसून पृष्ठ रचायचे ही कार्यपद्धती तेथे घडली. मांचुरियातील कृतीमुळे जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला होता, आणि जगाला एक सुसंस्कृत, प्रगत जपान दाखवणे हे या नियतकालिकाचे कार्य होते.

१९४२ साली सुरू झालेले ‘फ्रंट’ याहून पुढे गेले. लष्कराच्या आश्रयाखालील ‘तोहोशा’ या संस्थेने ते काढले. त्याचे कलासंचालक हारा होते आणि छायाचित्रविभाग किमुरा इहेई यांच्याकडे होता. सोव्हिएत प्रचारनियतकालिकाचा आदर्श समोर ठेवून, मोठ्या आकारात, पंधरा भाषांपर्यंतच्या आवृत्त्यांत ते छापले गेले. युद्धनौका, रणगाडे, सैनिकांच्या रांगा यांची छायाचित्रे कापून, जोडून, सांधे रंगाच्या फवाऱ्याने बुजवून पानभर पसरली जात. देशात कागदाची टंचाई वाढत असताना ही छपाई उत्तम प्रतीची राहिली. ज्या तंत्राने युरोपात डाव्या चळवळींची पत्रके सजली होती, त्याच तंत्राने येथे साम्राज्याची पाने सजली.

या घटनेचे दोन सोपे अर्थ लावले जातात आणि दोन्ही अपुरे आहेत. कलावंत सक्तीखाली काम करीत होते, हा एक. आधुनिक शैली मुळातच हुकूमशाहीला अनुकूल असते, हा दुसरा. पहिल्यात या पानांच्या निर्मितीतील प्रभुत्व आणि उत्साह यांचा उलगडा होत नाही. दुसऱ्यात हीच शैली अन्यत्र अन्य हेतूंसाठी राबली हे विसरले जाते. हामादा यांनी उद्देशाला कलेचे सामर्थ्य म्हटले होते. पण उद्देश कोण ठरवतो, हा प्रश्न त्या भूमिकेत अनुत्तरित होता, आणि युद्धाने नेमके तेथेच बोट ठेवले. जपानी ग्राफिक डिझाइनच्या इतिहासातील नैतिक पेच येथून सुरू होतो.

४

१९४५ नंतरचा इतिहास बहुधा नव्या आरंभाची कथा म्हणून सांगितला जातो. १९५१ साली जाहिरात-कलावंतांची देशव्यापी संघटना, ‘निस्सेन्बी’, स्थापन झाली. १९५५ साली टोकिओच्या ताकाशिमाया वस्तुभांडारात ‘ग्राफिक ५५’ हे प्रदर्शन भरले. हारा, कोनो, कामेकुरा, हायाकावा योशिओ, यामाशिरो र्‍युइचि इत्यादींबरोबर अमेरिकेचे पॉल रँड त्यात सहभागी होते. यामाशिरो यांनी वृक्षारोपणासाठी केलेले भित्तिपत्रक या काळातील अर्थपूर्ण कृतींपैकी एक आहे. ‘झाड’ या अर्थाचे चित्राक्षर, त्याच्या दुपटीने होणारे ‘राई’चे आणि तिपटीने होणारे ‘अरण्या’चे अक्षर लहानमोठ्या आकारांत पसरून त्यांनी केवळ लिपीतून वन उभे केले. हारा यांना अडचण वाटलेली लिपी येथे स्वतःच प्रतिमा झाली.

त्याच वर्षी आवाझु कियोशी (१९२९-२००९) यांच्या ‘समुद्र परत द्या’ या भित्तिपत्रकाला निस्सेन्बीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अमेरिकन लष्करी तळामुळे मासेमारीला मुकलेल्या कोळ्याचा चेहरा त्यात आहे. आरंभी अशा प्रतिमेलाही या क्षेत्रात स्थान होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे; कारण पुढील दहा वर्षांत मध्यवर्ती ठरली ती वेगळीच दृष्टी. कामेकुरा यांच्या १९५६ च्या भित्तिपत्रकात शांततामय उद्योगासाठी अणुऊर्जेचा पुरस्कार आहे. गडद पार्श्वभूमीवर प्रकाशाच्या पट्ट्या एका केंद्रातून फाकतात. त्यात ना माणूस आहे ना यंत्र. हिरोशिमानंतर अकरा वर्षांनी आणि पॅसिफिकमधील अणुचाचणीची राख ‘लकी ड्रॅगन’ या मासेमारी नौकेवर पडल्यानंतर दोनच वर्षांनी हे चित्र तयार झाले. त्यातील अमूर्तता ही शैलीची निवड आहे तशीच ती एका स्मृतीची गाळणीही आहे.

१९६० मध्ये टोकिओत जागतिक डिझाइन परिषद भरली. त्याच आठवड्यांत अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर होते. कामेकुरा, हारा आणि यामाशिरो यांच्या पुढाकाराने, टोयोटा, तोशिबा, आसाही यांसारख्या कंपन्यांच्या भांडवलावर ‘निप्पोन डिझाइन सेंटर’ही याच सुमारास उभे राहिले. राज्याच्या जागी आता उद्योगसमूह आला होता. मेजाभोवतीची कार्यपद्धती तीच होती.

ऑलिंपिकच्या बोधचिन्हासाठी त्याच वर्षी सहा डिझायनरांना पाचारण करण्यात आले आणि कामेकुरा यांचा आराखडा निवडला गेला. पांढऱ्या पृष्ठावर मोठे लाल वर्तुळ, त्याखाली सोनेरी ऑलिंपिक कडी, त्याखाली ‘टोकिओ १९६४’ ही अक्षरे. याव्यतिरिक्त काहीही नाही. याहून कमी घटकांत बोधचिन्ह होणे कठीण. हे वर्तुळ पाहणाऱ्याला राष्ट्रध्वज आठवेल. परंतु ते सूर्य म्हणून योजलेले आहे, अशी कामेकुरा यांची भूमिका होती. या भूमिकेचे वजन समजण्यासाठी ध्वजाचा इतिहास आठवावा लागतो. युद्धकाळात तो साम्राज्याचे प्रतीक होता. ताबाकाळात तो फडकवण्यावर निर्बंध होते, ते १९४९ साली उठले. आणि राष्ट्रध्वज म्हणून त्याला कायद्याचा स्पष्ट आधार मिळाला तो थेट १९९९ साली. म्हणजे १९६४ मध्ये लाल वर्तुळ हे वादग्रस्त चिन्ह होते. कामेकुरा यांनी ते टाकून दिले नाही आणि त्याचे समर्थनही केले नाही. त्यांनी ते भूमितीपर्यंत आणून सोडले. बार्थ यांना जे रिकामेपण नंतर आढळले, ते येथे चिन्ह रिकामे करण्याच्या क्रियेच्या रूपात दिसते. ही क्रिया करणारा डिझायनर पंचवीस वर्षांपूर्वी ‘निप्पोन’च्या मेजाभोवती तयार झाला होता.

याच बोधचिन्हाची १९६२ ते १९६४ मधील छायाचित्रयुक्त भित्तिपत्रके हे नाते अधिक उघड करतात. काळोखातून झेपावणारे धावपटू, पाणी कापणारा जलतरणपटू, मशाल घेतलेला तरुण या साऱ्यांत छायाचित्रकार हायासाकी ओसामु यांच्या सहकार्याने साधलेला ताण आहे. शिस्तबद्ध देहांची ऊर्जा हा ‘फ्रंट’चाही विषय होता. येथे शस्त्र गेले आहे, शत्रू गेला आहे. देहाची गती तेवढी उरली आहे. याच स्पर्धांसाठी कात्सुमी मासारु यांच्या नेतृत्वाखाली तरुण डिझायनरांच्या गटाने खेळांची आणि सोयीसुविधांची चित्रचिन्हे तयार केली, आणि ती सर्व मानवजातीच्या उपयोगी पडावीत म्हणून स्वामित्वहक्क सोडून दिला. या कृतीतील उदारता खरी होती. परक्या पाहुण्यांना न वाचता येणाऱ्या लिपीतून मार्ग काढण्यासाठी जन्मलेली ही भाषा पुढे जगभरच्या विमानतळांवर आणि स्थानकांवर रुळलेल्या चिन्हभाषेला दिशा देणारी ठरली.

५

ऑलिंपिकनंतर वर्षभरातच, नोव्हेंबर १९६५ मध्ये, टोकिओच्या मात्सुया वस्तुभांडारात ‘पर्सोना’ हे प्रदर्शन भरले. त्यातील योकोओ तादानोरी (जन्म १९३६) यांच्या भित्तिपत्रकात सूर्यबिंबातून निघालेले लाल आणि निळे किरण सर्व पृष्ठ व्यापतात. मध्ये, हाती गुलाब धरलेला, गळफास घेतलेला माणूस आहे. वरच्या कोपऱ्यांत फुजी पर्वत आणि वर्षापूर्वीच सुरू झालेली शिंकान्सेन गाडी आहे. खाली स्वतः योकोओ यांचे बालपणीचे छायाचित्र आहे. एकोणतिसाव्या वर्षी शिखर गाठून आपण मृत झालो आहोत, असे त्यातील इंग्रजी मजकूर सांगतो. हे भित्तिपत्रक कोणत्याही ग्राहकासाठी नव्हते. त्यात विकली गेली आहे ती डिझायनरची स्वतःची मृत्यूवार्ता.

कामेकुरा यांनी जे वर्तुळ धुऊन रिते केले होते, ते योकोओ यांनी पुन्हा भरले, आणि तेही कशाने? बाजारू लेबले, सुगंधी पोस्टकार्डे, जुन्या वर्तमानपत्रांतील सवंग चित्रे यांनी. कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढलेल्या या कलावंताने निप्पोन डिझाइन सेंटरमध्ये काही काळ काम केले होते. आधुनिकतावादाची शिस्त त्यांनी आतून पाहिली होती. पुढे कारा जुरो आणि तेरायामा शुजी यांच्या प्रायोगिक नाटकांसाठी त्यांनी केलेली भित्तिपत्रके नाटकाची माहिती देण्यापेक्षा नाटकाचाच भाग झाली. १९७० च्या दशकातील भारतप्रवासानंतर त्यांच्या चित्रांत हिंदू देवदेवता अवतरल्या. कॅलेंडरांवरील देवचित्रांच्या परंपरेला राजा रविवर्मा यांच्या मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ गेलेल्या छापखान्याने बळ दिले, आणि योकोओ यांना भारतात जवळचे वाटले ते याच जातीचे स्वस्त, रंगीत मुद्रण होते.

दशकाच्या अखेरीस बंड संस्थेपर्यंत पोचले. विद्यार्थी आंदोलनाच्या लाटेत १९६९ साली निस्सेन्बीच्या प्रदर्शनावरच निषेधाचा हल्ला झाला, आणि १९७० साली संघटना विसर्जित झाली. भित्तिपत्रक हे भांडवलाचे हत्यार आहे आणि पुरस्कारांची उतरंड हे त्याचे समर्थन आहे, असा आंदोलकांचा आरोप होता.

योकोओ यांचे उत्तर अतिरेकाचे होते. सुगिउरा कोहेई (जन्म १९३२) यांचे उत्तर निराळे होते. (हिसुई यांच्याशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे.) १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी जर्मनीतील उल्म येथील विख्यात विद्यालयात अध्यापन केले. ‘होय’ आणि ‘नाही’ यांत जगाची विभागणी करणाऱ्या त्या तर्कशुद्ध वातावरणातच आपली दृष्टी आशियाई असल्याची जाणीव त्यांना झाली. त्यानंतर त्यांनी भारतासह आशियातील मंडलांचा, लिप्यांचा आणि प्रतिमाविद्येचा दीर्घ अभ्यास केला आणि तो ग्रंथरचनेत उतरवला. १९७९ च्या विश्वविषयक ग्रंथात सर्व पाने काळी आहेत. पानांच्या कडा एका बाजूला वाकवल्या की देवयानी दीर्घिका दिसते, दुसऱ्या बाजूला वाकवल्या की जुना तारकानकाशा दिसतो. संहितेचे वेष्टन आणि संहिता हा भेद येथे मावळतो. बार्थ यांना जपानी वेष्टन आतील वस्तूपेक्षा महत्त्वाचे वाटले होते. सुगिउरा यांच्या ग्रंथात वेष्टन हाच वस्तूचा एक अर्थ आहे. कमी करीत जाण्याला जपानीपण समजणाऱ्यांना त्यांचे घनदाट, गजबजलेले पृष्ठ हे उत्तर आहे.

६

१९७० नंतरच्या तीन घटना या इतिहासाचा आशय स्पष्ट करतात. पहिली फुकुदा शिगेओ (१९३२-२००९) यांचे १९७५ चे भित्तिपत्रक. वॉर्सा येथील, युद्धसमाप्तीच्या तिसाव्या वर्षानिमित्त झालेल्या स्पर्धेसाठी ते तयार झाले. पिवळ्या पृष्ठावर तोफेची काळी नळी आहे आणि गोळा उलटा फिरून नळीच्या तोंडाशी परतला आहे. शब्दांची गरज नाही. येथेही घटक अत्यल्प आहेत, परंतु हे चिन्ह रिकामे मुळीच नाही. त्याची अल्पता विचार अचूक करण्यासाठी आहे. अल्पघटकता आणि अर्थशून्यता या भिन्न गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणावरून सिद्ध व्हावे.

दुसरी घटना १९८० ची. तानाका इक्को (१९३०-२००२) यांनी, त्सुत्सुमि सेइजि यांच्या उद्योगसमूहासाठी, लेखिका कोइके काझुको यांच्यासह ‘मुजिरुशी र्‍योहिन’ या नावाचा वस्तुसंच सिद्ध केला. नावाचा अर्थ ‘छापा नसलेल्या चांगल्या वस्तू’ असा आहे. साधा तपकिरी कागद, त्यावर गडद लाल अक्षरे. याच तानाका यांनी १९८१ च्या जपानी नृत्याच्या भित्तिपत्रकात चौकोन आणि वर्तुळखंड यांतून नर्तकीचा चेहरा रचला होता, त्यामुळे वगळण्याची कला त्यांना पूर्ण अवगत होती. पण ‘मुजिरुशी’त एक मूलभूत विरोधाभास आहे. चिन्ह नसणे हेच येथे चिन्ह झाले, आणि अल्पावधीत व्यापारचिन्ह झाले. ज्या काळी रिकाम्या चिन्हाची कल्पना अभ्यासकांना जपानचे सार वाटू लागली होती, त्याच काळी ती एका दुकानाच्या मांडणीत विकत मिळू लागली. याउलट टोक इशिओका एइको (१९३८-२०१२) यांच्या ‘पार्को’ भांडारासाठीच्या मोहिमांत दिसते. निस्सेन्बीचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या या पहिल्या स्त्री-डिझायनरने जाहिरातीतून वस्तूच काढून टाकली आणि तिच्या जागी पाहणाऱ्यावर नजर रोखणारी स्त्री उभी केली. वस्तू नाहीशी करूनही चिन्ह आव्हानाने भरता येते, हे तिने दाखवले.

तिसरी घटना १९८३ ची. हिरोशिमाच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या भित्तिपत्रकमालेचे पहिले चित्र कामेकुरा यांनी केले. असंख्य रंगीत फुलपाखरे पेट घेऊन आकाशातून खाली कोसळत आहेत. १९५६ मध्ये ज्यांनी अणूला माणूसविरहित प्रकाश म्हणून रेखाटले, त्यांनीच सत्तावीस वर्षांनी त्याला जळत्या जीवांचे रूप दिले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की पहिल्यातील अमूर्तता काय झाकीत होती ते कळते. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तर पहिल्या भित्तिपत्रकाचे वाचन कायमचे पालटले. त्यातील किरण आता कोणालाही निरागस वाटणार नाहीत. चिन्हाचा अर्थ त्याच्या कर्त्याच्या हाती राहत नाही, तसाच तो संस्कृतीच्या तथाकथित स्वभावावरही ठरत नाही; पुढील घटना तो ठरवीत जातात.

लाल वर्तुळाचीही कथा संपलेली नाही. दुसऱ्या टोकिओ ऑलिंपिकसाठी २०१५ साली निवडलेल्या बोधचिन्हात १९६४ च्या वर्तुळाची आठवण होती. साम्याच्या आरोपांवरून ते मागे घेण्यात आले, आणि पुढच्या वर्षी निळ्या चौकटींचे बोधचिन्ह स्वीकारले गेले. बार्थ यांचे पुस्तक चिन्हविचारातील एक तेजस्वी कल्पनारचना म्हणून वाचनीय राहील. परंतु जपानी दृश्यभाषेचा अभ्यासक त्यावर विसंबला, तर सुगिउरा हिसुई यांचा फलाट, हारा यांची युद्धकालीन पाने, आवाझु यांचा कोळी आणि योकोओ यांचा गळफास हे सारे त्याच्या नजरेबाहेर राहतील. रिकामे दिसणारे प्रत्येक चिन्ह कोणी, केव्हा आणि काय काढून टाकून रिकामे केले, हे विचारणे हे समीक्षेचे काम आहे. ते विचारले नाही, तर विस्मरणालाच सौंदर्य समजण्याची चूक होत राहील.